इस्फहानची जामे मशीद : निळ्या टाइल्सच्या आधीची वीट

ओळंबा

इराणमधलं इस्फहान म्हटलं की बहुतेकांना नक्श-ए-जहानचं अफाट मैदान आणि तिथली शाह अब्बासची निळी मशीद आठवते. आठवावीच. पण त्या मैदानाच्या उत्तर टोकाला कैसरिया बाजाराचा दरवाजा आहे. त्यातून आत शिरून, छताखालच्या बाजारातून मसाले, तांब्याची भांडी, कापड असं बघत ईशान्येकडे चालत राहिलं की दोनेक किलोमीटरवर जुनं शहर लागतं. तिथे मस्जिद-ए-जामे आहे. सगळी सहल मैदानाभोवती फिरून परत जाते आणि ही राहून जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

या मशिदीला बाहेरून दर्शनी भाग असा नाहीच. दुकानं, घरं, गल्ल्या तिच्या भिंतींना टेकून उभ्या आहेत. एखाद्या दरवाज्यातून आत गेलं की एकदम आकाश उघडतं आणि समोर मोठं अंगण येतं. चारही बाजूंना मधोमध एकेक ऐवान, म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि अंगणाकडे पूर्ण उघडा असा कमानदार दालनखाना. त्यांच्यामागे खांबांची आणि लहान लहान घुमटांची दाटी. सगळं मिळून २०,००० चौरस मीटरहून जास्त क्षेत्र आहे.

आता ही कुणी बांधली? या प्रश्नाला एक उत्तर नाही. जुन्या वाड्यात प्रत्येक पिढीने आपापला खण वाढवत न्यावा तशी ही मशीद हजारभर वर्षं वाढत गेली. पहिली मशीद आठव्या शतकातली, साधारण इ.स. ७७१-७२ ची. तेव्हा इस्फहान हे एक शहर नव्हतं. जय आणि यहुदिया अशा दोन वस्त्या होत्या आणि मशीद यहुदियात उभी राहिली. ती लहान पडली म्हणून ८४०-४१ मध्ये, अब्बासी खलिफा मुअतसिमच्या काळात, तिच्या जागी खूप मोठी मशीद आली : मधे अंगण, भोवती विटांच्या खांबांच्या ओळी, वर लाकडी तुळयांचं सपाट छत. अरबी मशिदींचा तो रूढ आराखडा होता. दहाव्या शतकात बुयी राजवटीने अंगणाच्या कडेने खांबांची आणखी एक रांग उभी केली. त्या खांबांच्या विटा नक्षी साधेल अशा रचल्या आहेत. पुढच्या सगळ्या विटकामाची चुणूक तिथेच दिसते.

मग आले सेल्जुक तुर्क. तुघ्रिलने वर्षभर वेढा घालून १०५१ मध्ये शहर घेतलं. लगेच पुढच्या वर्षी कवी आणि प्रवासी नासिर खुस्रौ तिथून गेला. त्याला उद्ध्वस्त शहर दिसलं नाही. सराफांचा दोनशे पेढ्यांचा बाजार, एकाच रस्त्यावर पन्नास कारवान-सराया आणि शहराच्या मधोमध भव्य जामे मशीद, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तीन वर्षं कुणाकडून कर घेऊ नये असा तुघ्रिलचा हुकूम होता, हेही तो सांगतो. पुढे इस्फहान सेल्जुकांची राजधानी झालं आणि मलिकशाहच्या काळात (१०७२ ते १०९२) कळसाला पोचलं.

मलिकशाहचा वजीर निझाम-उल-मुल्क. राज्य खऱ्या अर्थाने तोच चालवत होता. त्याने १०८६-८७ मध्ये मिहराबापुढचे (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापुढचे) खांब काढून तिथे जवळजवळ १५ मीटर व्यासाचा विटांचा घुमट उभारला. घुमटाच्या पायथ्याच्या लेखात मलिकशाहचं नाव आहे आणि निझामचंही. सुलतान नमाजाला उभा राहील ती जागा बाकीच्या मशिदीपेक्षा उंच आणि वेगळी दिसावी, हा हेतू उघड आहे.

दोनच वर्षांनी, १०८८-८९ मध्ये, अंगणाच्या बरोबर विरुद्ध टोकाला, त्याच अक्षावर, तेव्हाच्या मशिदीच्या हद्दीबाहेर दुसरा घुमट उभा राहिला. बांधणारा ताज-उल-मुल्क. दरबारातला निझामचा कट्टर प्रतिस्पर्धी. त्याच्या पाठीशी मलिकशाहची राणी तर्कान खातून. तिला आपला लहान मुलगा महमूद गादीवर हवा होता, निझामचा कल थोरल्या बर्कियारुककडे. आता जागा पाहा : एकाचा घुमट दक्षिणेला, दुसऱ्याचा उत्तरेला, आणि मधे सगळं शहर नमाज पढतंय.

उत्तरेचा घुमट लहान आहे. व्यास सुमारे १० मीटर, उंची सुमारे २०. म्हणजे उंची व्यासाच्या दुप्पट, आणि आत उभं राहिलं की ते प्रमाण अंगाला जाणवतं. दक्षिणेच्या दालनात जाड खांब, जाड भिंती, आणि वर घुमट ठेवल्यासारखा. उत्तरेत तसं होत नाही. जमिनीपासून निघालेली प्रत्येक उभी रेघ वरच्या कमानीत जाते, ती कमान तिच्या वरच्या कमानीत, आणि नजर कुठेही न अडखळता घुमटाच्या माथ्याला पोचते. टाइल नाही, सोनं नाही, रंग नाही. फक्त मातकट पिवळी वीट, तिच्या सांध्यांची सावली आणि लेखाची पट्टी. मला विचाराल तर पूर्ण इराणमध्ये यापेक्षा विचारपूर्वक बांधलेली खोली नाही. ती वयाने शाह अब्बासच्या मशिदीपेक्षा पाचशेहून अधिक वर्षांनी मोठी आहे.

शेवट मात्र दोघांचाही वाईट झाला. ऑक्टोबर १०९२ मध्ये बगदादच्या वाटेवर सूफी फकिराच्या वेषात आलेल्या माणसाने निझामला भोसकलं. इस्माइली पंथीयांकडे बोट दाखवलं गेलं, आणि कुजबुज ताज-उल-मुल्क व राणीबद्दलही झाली. पुढच्याच महिन्यात मलिकशाह गेला. ताज-उल-मुल्कला निझामच्या माणसांनी १०९३ मध्ये ठार केलं. काही महिने आधीपर्यंत जगातलं एक सर्वांत बलाढ्य राज्य चालवणारे लोक हे.

११२१-२२ मध्ये मशीद पेटली. ईशान्येच्या दरवाज्यावरच्या लेखात त्या आगीनंतरच्या पुनर्बांधणीचा उल्लेख आहे. लाकडी छत गेलं, आणि बाराव्या शतकातच अंगणाच्या चार बाजूंना चार ऐवान उभे राहून आज दिसतो तो आराखडा तयार झाला. मशीद मूळची अरबी धाटणीची, आता तिला सासानी, म्हणजे इस्लामपूर्व इराणी, राजवाड्यांचे ऐवान आणि घुमट मिळाले. इथून पुढे इराणी मशीद म्हणजे चार ऐवान हे समीकरणच झालं. जवळच्या जवारे गावची मशीद ११३५-३६ ची. ती तर पहिल्यापासूनच या आराखड्यावर बांधलेली आहे.

पुढचा इतिहास प्रतिसादांमध्ये बोलू. विशेषतः ज्यांनी पाहिली आहे त्यांनी जरूर लिहा.


केतकी_वनातली

खूप दिवसांनी असा सविस्तर धागा वाचला. मी पाहिली आहे, नवऱ्याच्या कामानिमित्त आम्ही काही काळ तेहरानला होतो तेव्हा. माझ्या मनात जास्त राहिली ती हिवाळ्याची दालनं, बैत-अल-शिता. इस्फहान दीड हजार मीटरहून उंचावर आहे, थंडी कडक पडते. उघड्या ऐवानात डिसेंबरात नमाज पढणं अवघड. म्हणून तैमुरी काळात, १४४७-४८ मध्ये, पश्चिमेच्या बाजूला हे बंद दालन बांधलं. कमानी जवळजवळ जमिनीतूनच उगवतात, खांब असा नाहीच. छतात अलाबास्टरच्या पातळ लाद्या बसवल्या आहेत आणि त्यांतून दुधाळ उजेड झिरपतो. आमच्या वाटाड्याने दिवे बंद करून दाखवलं. डोळे सरावल्यावर आत वाचता येईल इतका उजेड होता. वारा मात्र अजिबात नाही.

ओळंबा, तुम्ही अंगणाबद्दल फार थोडक्यात लिहिलंत. चार ऐवानांची नावं तरी द्यायची!


ओळंबा

केतकी, आभार. बैत-अल-शिताबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं.

नावं देतो. दक्षिणेचा ऐवान सुफ्फे-ए-साहिब, त्याच्यामागे निझामचा घुमट. पश्चिमेचा सुफ्फे-ए-उस्ताद, पूर्वेचा सुफ्फे-ए-शागीर्द, उत्तरेचा सुफ्फे-ए-दरवेश. म्हणजे गुरू आणि शिष्य अंगणाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसले आहेत. पश्चिमेच्या ऐवानावर सफवी काळातल्या टाइल्सची दाट नक्षी आणि माथ्यावर अजान देण्यासाठी लहानशी मेघडंबरी आहे. पूर्वेच्या ऐवानाने जुनं विटांचं रूप सर्वांत जास्त जपलं आहे. दोन्ही एकाच वेळी पाहता येतात, त्यामुळे पाच शतकांत रुची कशी बदलली ते मान वळवून कळतं. दक्षिणेच्या ऐवानावरच्या टाइल्स पंधराव्या शतकातल्या, उझून हसनच्या काळातल्या कामापासून सुरू होतात, पुढे शाह तहमास्पने भर घातली. दोन मिनारही याच ऐवानावर आहेत.


अरुणिमा_स

मला स्थापत्यातलं काही कळत नाही, म्हणून अगदी साधा प्रश्न. खोली चौकोनी, घुमट गोल. मग कोपऱ्यांचं काय करतात? आणि एवढा घुमट बांधताना खालून आधार कशाचा? आपल्याकडे स्लॅब टाकतानाही खाली सेंटरिंगचं जंगल उभं करावं लागतं.


ओळंबा

अरुणिमा, या प्रश्नातच इराणी वास्तुकलेचा निम्मा इतिहास आहे.

कोपऱ्याचा प्रश्न सासानी काळातच सुटला होता. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर तिरपी कमान टाकायची, म्हणजे चौकोनाचा अष्टकोन होतो. अष्टकोनावर आणखी लहान कमानी टाकल्या की सोळा बाजू होतात, आणि सोळा बाजूंवर गोल बसवायला फारसं अंतर उरत नाही. पण जुन्या पद्धतीत ती तिरपी कमान म्हणजे कोपऱ्यात एक मोठा पोकळ कोनाडा असायचा आणि खालच्या भिंतीशी त्याचं काही नातं नसायचं.

इस्फहानच्या दोन्ही घुमटांत हा कोनाडा तीन भागांत मोडला आहे. मधे वर चढणारी लहान खोल कमान, दोन बाजूंना पाव घुमटासारखे दोन वक्र तुकडे, आणि या तिघांना कवेत घेणारी एक मोठी कमान. ही युक्ती इथे जन्मली नाही. आजच्या उझबेकिस्तानातल्या तीम गावी अरब-अता नावाची कबर आहे, इ.स. ९७७-७८ ची. तिच्यात ती शंभर वर्षं आधीच दिसते. इस्फहानने तिला मोठ्या मापावर नेलं, आणि उत्तरेच्या घुमटात तर त्या तीन भागांच्या रेघा खालच्या खांबांच्या रेघांशी जुळवून घेतल्या. हे जुळवणं कारागिराला कागदावर आधी सोडवावं लागलं असणार. एक रदा चुकला तर वरचं सगळं तिरपं होणार.

आधाराचं म्हणाल तर इराणच्या पठारावर लाकूड दुर्मीळ. सेंटरिंगला मोठे वासे आणायचे कुठून? त्यावर उत्तर होतं जिप्समचा मसाला. तो झटकन घट्ट होतो. चपटी चौकोनी वीट मसाला लावून आधीच्या रद्याला चिकटवली की गवंड्याने हात सोडेपर्यंत ती धरून ठेवते. एक पूर्ण वलय झालं की ते स्वतःच स्वतःला पेलतं. मग पुढचं वलय. असे घुमट खालून आधार न देता किंवा अगदी थोड्या आधारावर उठवता येतात. अंगणाभोवतीच्या साडेचारशेहून अधिक छोट्या घुमट्या आणि कमानछतं पाहताना हे लक्षात ठेवा. त्यांतल्या शेजारशेजारच्या दोघींची विणही पुष्कळदा वेगळी असते. कुणी हेरिंगबोन रचलंय, कुणी वर्तुळं, कुणी चौकटीत चौकट. मला तिथे गवंड्यांच्या कित्येक पिढ्यांची आपसातली चढाओढ दिसते.


जुना_वाटसरू

लेख उत्तम. पण एक मुद्दा राहिला. ही मशीद मुळात पारशी अग्निमंदिराच्या जागेवर आहे असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. दक्षिणेचा घुमट म्हणजे जुन्या अग्निमंदिराच्या चार कमानींच्या मंडपाचंच रूप, असंही. याबद्दल काही लिहाल का?


मातीवाचक

ओळंबांच्या आधी मी थोडं लिहितो, पुरातत्त्व हा माझा विषय.

हे मत आलं कुठून ते आधी पाहू. आंद्रे गोदार हे फ्रेंच वास्तुतज्ज्ञ १९२८ पासून इराणच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. इराणी मशीद म्हणजे सुरुवातीला मोकळ्या जागेत उभा एकटा घुमटी मंडप, अग्निमंदिरासारखा, आणि बाकीची मशीद नंतर त्याच्याभोवती जमली, अशी त्यांची मांडणी होती. कल्पना आकर्षक होती आणि बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत टिकली.

१९७० च्या दशकात उंबेर्तो शेरातो यांच्या इटालियन पथकाने मशिदीत उत्खनन केलं आणि एउजेनियो गाल्दिएरी यांनी जीर्णोद्धार करताना भिंतींचे जोड तपासले. तेव्हा चित्र उलटं निघालं. घुमटाच्या आधी तिथे खांबांची पूर्ण मशीद होती आणि घुमट त्या खांबांच्या जंगलात जागा करून नंतर बसवला. दक्षिण घुमटाच्या फरशीखाली आठव्या शतकातल्या पहिल्या मशिदीची किब्ल्याची, म्हणजे मक्केच्या दिशेची, भिंत सापडली, वरच्या गचकामाच्या (गिलाव्यात कोरलेल्या) नक्षीसह. तिची दिशाही नंतरच्या मशिदीपेक्षा वेगळी आहे.

त्याखाली इस्लामपूर्व काळातल्या बांधकामाच्या खुणा आहेत, सासानी धाटणीचा एक खांबाचा तळखडाही मिळाला. म्हणजे वस्ती जुनी, हे नक्की. पण ती इमारत अग्निमंदिरच होती हे सिद्ध करणारं काही हाती लागलेलं नाही. वाटसरू, सासानी वारसा इथे नाकारता येत नाही. मात्र तो आला आहे आराखड्यातून, ऐवानातून आणि चौकोनावर घुमट बसवण्याच्या कसबातून. पायाखाली मंदिर शोधण्याची त्यासाठी गरज नाही.


जुना_वाटसरू

मातीवाचक, धन्यवाद. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. गाल्दिएरींचं काम शोधून वाचतो.


भूमितीप्रेमी

उत्तरेच्या घुमटावर माझं थोडं बोलणं राहू दे.

चौकोन, अष्टकोन, सोळा बाजू. ओळंबांनी सांगितलेली ही चढण सगळी दुपटीची आहे. आणि मग घुमटाच्या पोटात वर पाहिलं तर काय दिसतं? पाच कोनांची चांदणी! विटांच्या दुहेरी फासळ्या एकमेकींना छेदत जातात आणि माथ्याशी पंचकोन उरतो. सोळाला पाचने भाग जात नाही. म्हणजे खालच्या रचनेचे आणि वरच्या चांदणीचे कोन सगळीकडे जुळणं अशक्य आहे. कारागिराने हे मुद्दाम ओढवून घेतलं आहे, आणि तरीही खाली उभ्या माणसाला कुठेही विसंगती जाणवत नाही. पंचकोन काढायचा म्हणजे सुवर्ण गुणोत्तर आलं. ते कागदावर कंपासने काढणं सोपं, वक्र पृष्ठभागावर विटेने काढणं फार वेगळं.

आता गंमत अशी की याच वर्षांमध्ये उमर खय्याम इस्फहानात होता. रुबायांमुळे लोक त्याला कवी म्हणून ओळखतात, पण मलिकशाहच्या वेधशाळेत १०७४ पासून त्याचं काम होतं गणिताचं आणि खगोलाचं. १०७९ मध्ये लागू झालेली जलाली कालगणना त्या मंडळाची. त्याचं भूमितीवरचं एक छोटं टिपण उपलब्ध आहे. त्यात तो असा काटकोन त्रिकोण शोधतो, ज्याचा कर्ण हा लहान बाजू आणि कर्णावरचा लंब यांच्या बेरजेइतका असेल. ते गणित घन समीकरणावर जातं आणि तो ते शंकुच्छेदांनी सोडवतो. हा प्रश्न गणितज्ञ आणि कारागीर यांच्या बैठकींतून आला असावा आणि उत्तर घुमटाच्या प्रमाणांमागे खय्यामच असावा, असं अल्पाय ओझदुराल या तुर्की अभ्यासकाने मांडलं आहे. लेखी पुरावा नाही, घुमटावर खय्यामचं नाव नाही. तरी मला ती मांडणी पटण्याजोगी वाटते. एक तर गणितज्ञांनी कारागिरांसाठी लिहिण्याची परंपरा होतीच, दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा बुझजानीने नेमकं तेच केलं होतं. आणि दुसरं म्हणजे त्या शहरात हे प्रमाण सोडवू शकेल अशी डोकी किती असतील?


ओळंबा

भूमितीप्रेमी, पाच आणि सोळाचा मुद्दा लाखमोलाचा. मी खय्यामबद्दल मूळ लेखात लिहिणं टाळलं होतं, कारण त्या नावाभोवती दंतकथा चटकन जमतात. पण तुम्ही जितकं सांगता येतं तितकंच सांगितलंत.

त्यात आणखी एक जोडतो. घुमटाच्या लेखात कुराणातली निवडलेली आयत सातव्या सुऱ्यातली चोपन्नावी आहे : आकाश आणि पृथ्वीची निर्मिती, दिवसाला झाकणारी रात्र, आणि आज्ञेत चालणारे सूर्य, चंद्र, तारे. मग ताज-उल-मुल्कचं नाव येतं. चांदणीच्या घुमटाखाली ताऱ्यांची आयत ही निवड आपोआप झाली असेल असं मला वाटत नाही.

या खोलीचा उपयोग काय होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सुलतान मशिदीत शिरण्याआधी थांबण्याची जागा, ग्रंथालय, तर्कान खातूनसाठी नमाजाची जागा, असे तर्क आहेत. मला पहिला तर्क जास्त जवळचा वाटतो, कारण खोली तेव्हा मशिदीच्या बाहेर पण नेमकी अक्षावर होती. राजाची मिरवणूक उत्तरेकडून येऊन तिथे थांबली आणि अंगण ओलांडून दक्षिणेच्या घुमटाखाली गेली, तर दोन्ही इमारतींना एकत्र अर्थ मिळतो.


दौलताबादकर

एक जोड दख्खनची. ओळंबांनी वर्णन केलेली परंपरा आपल्या दाराशी आलेली आहे. बहमनी राज्यात इराणातून माणसं सतत येत होती. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद पाहा. तिच्या लेखात रफी नावाच्या माणसाचं नाव आहे, काझवीनचा. तिथे अंगणच नाही, सगळी मशीद छताखाली. म्हणजे इराणी माणूस आला तरी आराखडा जसाच्या तसा आला नाही. उलट बीदरचा महमूद गवानचा मदरसा, १४७२ चा, हा जवळजवळ इराणातून उचलून ठेवलेला. गवान स्वतः कॅस्पियनकाठच्या गिलानचा. मधे अंगण, चार बाजूंना मधोमध उंच दालनं, दर्शनी भागावर निळ्या-पिवळ्या टाइल्स. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात त्याचा मोठा भाग उडाला, पण उरलेल्या टाइल्स अजून चमकतात. आमच्या दौलताबादच्या चांद मिनारावरही अशा टाइल्सचे अवशेष आहेत, किल्ला चढायच्या घाईत कुणी थांबत नाही.

आणि विजापूरचा गोल घुमट. व्यास बाहेरून सुमारे ४४ मीटर, म्हणजे निझामच्या घुमटाच्या जवळजवळ तिप्पट. तिथे कोपऱ्यात कोनाडे नाहीत. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींवर तो गोल तोलला आहे. प्रश्न तोच, अरुणिमांनी विचारलेला. पाचशे-साडेपाचशे वर्षांनी दख्खनने त्याला दिलेलं उत्तर वेगळं आहे, आणि मला ते कमी प्रतीचं अजिबात वाटत नाही.


डोंगरीवाला

मुंबईकरांसाठी : डोंगरीजवळ इमामवाडा रोडवर मुघल मशीद आहे. नाव मुघल, पण बांधली १८६० मध्ये हाजी मोहम्मद हुसैन शिराझी या इराणी व्यापाऱ्याने. अजूनही ती इराणी मशीद म्हणूनच ओळखली जाते. निळ्या टाइल्स, दोन मिनार, अंगणात हौज आणि झाडं. घुमट नाही. इस्फहानच्या तुलनेत अगदी लहान, पण अंगणात शिरल्यावर मोहम्मद अली रोडचा गलबला कसा मागे पडतो ते अनुभवायला जा. आदबीने विचारलं तर आत पाहू देतात असा माझा अनुभव आहे.


अरुणिमा_स

दौलताबादकर, डोंगरीवाला, दोघांचेही आभार. गोल घुमट शाळेच्या सहलीत पाहिला, पण तेव्हा सगळं लक्ष प्रतिध्वनीकडे होतं.

ओळंबा, अजून एक. सेल्जुक सुन्नी, आजचा इराण शिया. मशिदीत हा बदल कुठे दिसतो का?


ओळंबा

दिसतो, आणि तोही एका सुंदर वस्तूत. पश्चिमेच्या ऐवानाच्या उत्तरेकडच्या दालनात गचकामाचा एक मिहराब आहे, १३१० चा, मंगोल इलखान उल्जायतूच्या काळातला. उल्जायतू हा चंगीझखानाचा वंशज. त्याच्या आईने लहानपणी त्याचा बाप्तिस्मा करवला होता, पुढे तो बौद्ध मताकडे वळला असंही सांगतात, नंतर सुन्नी मुसलमान झाला आणि अखेर शिया. त्या धर्मांतराची नोंद या मिहराबावर आहे, बारा इमामांचा निर्देश लेखात येतो. काम हैदर नावाच्या कारागिराचं.

हे गचकाम इतकं खोल कोरलं आहे की अक्षरं, वेली आणि कमळाची पानं तीन-चार वेगवेगळ्या पातळ्यांवर एकमेकांखालून जातात. ताज-उल-मुल्कच्या खोलीतल्या संयमानंतर ही विपुलता आधी जरा जड वाटते. पण जवळ जाऊन एकच अक्षर धरून त्याचा माग काढायला लागलं की हैदरचा हात किती स्थिर होता ते कळतं. शिया पंथ राज्याचा अधिकृत धर्म झाला तो १५०१ नंतर, सफवींच्या काळात. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचा हा पुरावा आहे, म्हणून इतिहासकारांना तो महत्त्वाचा.


मातीवाचक

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. इराण-इराक युद्धात, १९८५ साली, इराकच्या हल्ल्यात या मशिदीच्या आग्नेय भागाची पडझड झाली. तो भाग पुन्हा बांधला आहे, पारंपरिक विटांत आणि पारंपरिक पद्धतीने. मशीद जागतिक वारसा यादीत गेली २०१२ मध्ये. नक्श-ए-जहान मैदान १९७९ मध्येच गेलं होतं. तेहतीस वर्षांचं हे अंतर मला पटत नाही. मूळ लेखातली खंत इथेही लागू पडते : निळ्या टाइल्स आधी दिसतात, वीट नंतर.


केतकी_वनातली

मातीवाचक, हे मला माहीत नव्हतं. त्या बाजूच्या घुमट्यांची वीट जरा एकसारखी, नवी वाटली होती, कारण आज कळलं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी एक सूचना. उत्तरेचा घुमट चुकतो, कारण तो अंगणातून दिसतच नाही. सुफ्फे-ए-दरवेशच्या मागे, खांबांच्या अंधाऱ्या रांगांमधून जावं लागतं. कुणाला तरी विचाराच, "गुंबद-ए-ताज-उल-मुल्क" म्हटलं की दाखवतात.


ओळंबा

केतकीने सांगितलं ते अगदी बरोबर. मी त्यात क्रम सुचवतो. आधी दक्षिणेचा घुमट पाहा, मग अंगण ओलांडून उत्तरेचा. उलट केलं तर निझामचा घुमट अन्यायाने फिका वाटतो, आणि त्याचं स्वतःचं वजन आहे. दुपारच्या नमाजाच्या सुमारास पर्यटकांसाठी दरवाजे बंद असतात, शुक्रवारी तर तो दिवस मशिदीचाच. सकाळी लवकर गेलात तर पश्चिमेच्या ऐवानावर ऊन असतं, दुपारनंतर पूर्वेच्या. हाताशी लहान दुर्बीण ठेवा, घुमटाच्या लेखातली अक्षरं खालून वाचायची तर ती लागतेच. आणि बैत-अल-शिताला कुलूप असेल तर रखवालदाराला सांगा, उघडून देतात.

जवारे आणि अर्दिस्तानच्या मशिदींवर वेगळा धागा काढतो. दौलताबादकर, बीदरच्या मदरशावर तुम्हीच लिहा, टाइल्सच्या तपशिलांसह.